अळीला सवय लागत नाही

नोव्हेंबरातला शनिवार होता. शाळा सकाळची. घरी येऊन जेवायला बसणार तेवढ्यात धाकट्या भावाने गावाहून तीन बाटल्यांचे फोटो पाठवले आणि मागोमाग बोलका निरोप. "भाईजान, इसमें सबसे कडक कौनसी है, पढके बताओ. तूर में अळी भोत पडी. दो फवारे हो गए, मरतीच नै. आदत हो गई उसको."

आमच्या घरची बोली ही अशी. शाळेत उर्दूचा तास संपवून मराठीच्या तासाला जाताना दोन भाषांच्या मध्ये एक दार असतं. घरात ते दार कोणी बसवलंच नाही.

फोटो मोठे करून पाहिले. तीन कंपन्या, तीन भारदस्त नावं, तीन वेगळ्या किमती. नावाखालची बारीक अक्षरं वाचली तर एकीत सायपरमेथ्रिन, दुसरीत लॅम्डा सायहॅलोथ्रिन, तिसरीत डेल्टामेथ्रिन. आधीच्या दोन फवाऱ्यांत काय होतं, तेही विचारून घेतलं. दोन्हीत सायपरमेथ्रिनच, फक्त डबे वेगळे. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात किडे मारणारं द्रव्य असतं, त्याच्या नमुन्यावर कारखान्यात बनवलेली. त्यांना सिंथेटिक पायरेथ्रॉइड म्हणतात. म्हणजे एकाच माणसाने टोप्या बदलून काढलेले हे फोटो होते.

"तिन्ही एकच आहेत, एकही घेऊ नको, मी उद्या येतो," असं त्याला कळवलं. पण जेवताना डोक्यात बाटल्या नव्हत्या. त्याचा तो शब्द होता, आदत. हा शब्द अब्बांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सातवीत होतो.

आमचं गाव दिग्रसच्या बाजूला. काळी जमीन, पावसावरची पऱ्हाटी, मध्ये तुरीचे तास. अब्बांना उर्दू वाचता यायचं. मराठी ते गावातल्या कोणत्याही पाटलाइतकी अस्खलित बोलायचे, पण वाचता येत नव्हती. घरात मराठी वाचणारा पहिला मी. त्यामुळे नव्वदच्या दशकात, कापसावर हिरवी बोंडअळी तुटून पडायची त्या वर्षांत, बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद वाचून दाखवणं हे माझं काम होतं. एका पंपाला किती झाकणं, एवढंच अब्बांना हवं असायचं. कागदावरच्या हिशेबाने एक झाकण निघायचं. अब्बा दोन टाकायचे. पुढच्या वर्षी तीन. मी म्हणायचो, "अब्बा, कागज पे एकच लिखा है." ते म्हणायचे, "कागज लिखनेवाले ने अपना खेत नै देखा, बेटा."

खरं तर अब्बांनी शेत फार नीट पाहिलं होतं. फजरची नमाज झाली की ते तासातासाने फिरायचे. फवारणीनंतर अळ्या पानावरून खाली पडायच्या, वळवळायच्या, मेल्यासारख्या पडून राहायच्या. संध्याकाळी आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच बऱ्याच अळ्या पुन्हा बोंडाला तोंड लावून बसलेल्या दिसायच्या. अब्बा म्हणायचे, ही दवा मारत नाही, नशा चढवते. रात्रभर झोपतात आणि सकाळी ताज्या होऊन खायला लागतात. हे त्यांचं वाक्य पुढे तीस वर्षांनी मला आठवणार होतं.

त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष गावात सगळ्यांचाच होता. औषध नकली आहे. भेसळ आहे. बाजारात भेसळीचा माल असायचाही, आजही असतो, त्यामुळे संशय वेडेपणाचा नव्हता. पण तो ज्याच्यावर पडला तो माणूस अब्बांचा पंधरा वर्षांचा दोस्त होता. तालुक्याच्या गावी त्यांचं कृषी केंद्र. मी त्यांना काका म्हणायचो. बी-बियाणं, खत, औषध सगळं त्यांच्याकडून उधारीवर यायचं आणि कापूस विकला की फिटायचं. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा जायचा, दिवाळीला आमच्याकडे फराळ यायचा. त्या हंगामात अब्बा भर बाजाराच्या दिवशी दुकानात उभे राहून मोठ्याने बोलले. काका काउंटरमागून बाहेर आले. म्हणाले, "भाई, देवाच्यान सांगतो, माल असली हाये. माह्या घरच्या वावरातबी हेच मारलं, तिथंबी नाही मेली." अब्बा म्हणाले, चोर कसमें भी खाता है. मी बाजूला पिशवी धरून उभा होतो. त्यानंतर डबे थांबले. उधारी दुसरीकडे, जास्त व्याजाने सुरू झाली.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. फवारलेल्या पऱ्हाटीखाली ढालकिडे मरून पडलेले असायचे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. आम्ही पोरं ते काड्यापेटीत गोळा करायचो. कोळीसुद्धा मेलेले असायचे. औषध नकली असतं तर ते कशाने मेले असते?

पुढच्या दोन वर्षांत झाकणं वाढतच गेली. मग एकाच पंपात दोन औषधं मिसळायला सुरुवात झाली. पायरेथ्रॉइडबरोबर मोनोक्रोटोफॉस, जे वेगळ्या आणि माणसासाठी कितीतरी घातक अशा ऑर्गेनोफॉस्फेट घराण्यातलं. मी नववीत असताना एका दुपारी अब्बा बांधावर बसले ते उठेनात. तोंडाला फेस, कपडे घामाने चिंब, बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला. बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देऊन डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. पाचव्या दिवशी घरी आले. त्या दिवशीचं मिश्रण मीच मोजून दिलं होतं, चार झाकणं. हे मी अम्मीला कधी सांगितलं नाही.

मला याचं उत्तर शेतात मिळालं नाही, स्टाफरूममध्ये मिळालं. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या विज्ञानाच्या मॅडम दहावीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती'ची तयारी करत होत्या आणि मी तापाची गोळी घेत होतो. गोळी दर सहा-आठ तासांनी का घ्यावी लागते, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं यकृत ती मोडून बाहेर टाकतं म्हणून. आम्हा उर्दूवाल्यांना जिगर म्हटलं की हिंमत आठवते, आशिक आठवतो. जिगर दिवसरात्र औषधं मोडत बसलेलं असतं, हे कोणत्या शायराच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मॅडम पुढे सहज बोलल्या, "कीटकसुद्धा हेच करतात. कीटकनाशक मोडतात." मला बांधावरची ती सकाळ आठवली, पडलेल्या अळ्या पुन्हा उठलेली. तो सबंध उन्हाळा मी याच विषयावर मिळेल ते वाचत होतो.

अळीला यकृत नसतं. तिचं हे काम आतडं आणि शरीरभर पसरलेल्या चरबीच्या पेशी करतात. तिथे विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार होतात आणि त्यांची तीन मोठी घराणी विषाशी झुंजतात. पहिलं सायटोक्रोम पी-४५०. बरीचशी कीटकनाशकं तेलात विरघळणारी असतात, म्हणून ती अळीच्या कातडीतून सहज आत शिरतात. तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, तसंच हे विषही शरीराबाहेर धुवून टाकता येत नाही. पी-४५० त्या रेणूला ऑक्सिजन जोडतं, मग तो पाण्यात विरघळायला लागतो आणि बाहेर पडतो. दुसरं घराणं एस्टरेज. पायरेथ्रॉइडच्या रेणूत एक सांधा असतो, तो हे कापतं. ऑर्गेनोफॉस्फेट आलं तर ते त्याला नुसतं पकडून बसतं, मज्जातंतूपर्यंत पोचूच देत नाही. तिसरं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. ते विषाला एक शेपूट चिकटवून त्याला निरुपद्रवी करतं. आपल्या यकृतातही याच घराण्यांची विकरं आहेत. अळी काही वेगळी जादू करत नाही.

आता अब्बांची नशा. पायरेथ्रॉइड मज्जातंतूंवर झटका देतं, अळी लगेच पडते. पण तिची विकरं जोरकस असतील तर रात्रभरात ती विष मोडून टाकतात आणि सकाळी अळी उठते. पडलेला किडा पुन्हा उठणं ही विष पोटात मोडलं जात असल्याची ओळखीची खूण आहे. ते खरंच असंच आहे का, हे प्रयोगशाळेत पाहायचीही युक्ती आहे. औषधासोबत पी-४५० ला अडवणारं एक द्रव्य द्यायचं, पायपरोनिल ब्यूटॉक्साइड. त्यानंतर अळ्या मरायला लागल्या तर चोर सापडला. गंमत म्हणजे या द्रव्याची वाट तिळाच्या तेलाने दाखवली. फुलापासून काढलेल्या कीटकनाशकात तिळाचं तेल मिसळलं की त्याचा जोर वाढतो, हे १९४० च्या सुमारास लक्षात आलं होतं.

आणि अब्बा एकटे नव्हते. भारतात ही औषधं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि १९८७ च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या बोंडअळीपुढे साफ निकामी ठरली. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत देशभरातून आणलेल्या अळ्या तपासल्या गेल्या आणि हा प्रतिकार जागोजाग आढळला. काकांच्या घरच्या वावरातली अळी मेली नव्हती, ती याच कारणाने.

एक प्रश्न मात्र मला बरेच दिवस सतावत होता. हे विकर अळीकडे आलं कुठून? औषध खाऊन खाऊन तिने शिकून घेतलं का?

इथे तो शब्द आडवा येतो. सवय म्हटलं की एकच जीव डोळ्यासमोर येतो. रोज थोडी तंबाखू खाणारा, पुढे जास्त लागणारा. पण फवाऱ्यात सापडलेली अळी दोन-तीन दिवसांत एक तर मरते, नाही तर जगते. एका शेतात लाखो अळ्या असतात आणि सगळ्या सारख्या नसतात. त्यांत काही थोड्यांकडे जन्मतःच जोरकस विकर असतं, औषध बाजारात यायच्या आधीपासून. फवारा बाकीच्यांना मारतो, या राहतात. त्यांचे पतंग होतात, एक मादी हजाराच्या आसपास अंडी घालते, महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी तयार. कोणतीही एक अळी काहीच शिकलेली नसते. आपणच दर फवाऱ्याने त्या लाखांतून निवड करत जातो. झाकण वाढवलं की मधल्या ताकदीच्या मरतात आणि सगळ्यात जोरकस तेवढ्या आईबाप होतात. सवय झाली असं मानणारा माणूस डोस वाढवणारच, कारण सवयीवर तोच उपाय सुचतो. चार झाकणांपर्यंत आम्ही या एका शब्दाच्या मागे गेलो.

ते जोरकस विकर बनतं कसं, याच्या दोन हकिकती मला फार आवडल्या. पहिली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडची. बटाट्यावरच्या हिरव्या माव्यात एस्टरेजचं जनुक एकाचं अनेक झालेलं तिथे सापडलं, काही माव्यांत तर ऐंशीच्या आसपास प्रती. एकाच चिठ्ठीच्या ऐंशी झेरॉक्स, म्हणून विकरही तेवढं जास्त. दुसरी आपल्या बोंडअळीची. ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांवर काम करून जर्मनीतल्या येना इथल्या शास्त्रज्ञांनी ती २०१२ मध्ये छापली. शुद्धलेखन तपासताना एक चूक मला नेहमी दिसते. दोन ओळींत एकच शब्द आला असेल तर मूल पहिली ओळ अर्धी लिहून नजर चुकल्याने दुसऱ्या ओळीच्या उरलेल्या अर्ध्यावर जातं आणि मधलं गाळून एक तिसरंच वाक्य तयार होतं. बहुतेक वेळा त्याला अर्थ नसतो. अळीत शेजारशेजारच्या, एकमेकांसारख्या दोन पी-४५० जनुकांचं असंच झालं. अर्धं हे, अर्धं ते. आणि या चुकलेल्या वाक्याला अर्थ होता. नव्या विकराला फेनव्हलरेट मोडता येत होतं, जे मूळच्या दोघांनाही जमत नव्हतं. त्या एका चुकीने अळीची सहनशक्ती चाळीसपटीहून जास्त वाढली. पुढे पाकिस्तानातल्या अळ्यांतही त्याच प्रकारचं जोडजनुक सापडलं. फेनव्हलरेटची पावडर आम्हीही धुरळलेली आहे, तोंडाला रुमाल बांधून.

यात पऱ्हाटीचाही हात आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. वासराला सरकी जास्त घालू नये हे आमच्याकडे म्हाताऱ्या बायकाही सांगतात. हे विष पऱ्हाटी स्वतःच्या रक्षणासाठी बनवते आणि ते मोडायला अळीला पी-४५० लागतंच. गॉसिपॉल खाल्लेल्या अळ्यांत ही विकरं वाढतात आणि त्या डेल्टामेथ्रिनही जास्त सहन करतात, असं चीनमधल्या प्रयोगांत दिसलं. कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो, जे मिळेल ते खाणारी ही अळी. हरभऱ्यावर आपण तिलाच घाटेअळी म्हणतो. इतक्या झाडांची विषं पचवत आलेल्या घराण्यासमोर आपण एक नवी बाटली ठेवली होती.

बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि हिरव्या बोंडअळीचे फवारे एकदम कमी झाले. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही. त्याची कहाणी वेगळी आहे, तिथे पोटात विष मोडण्यापेक्षा विष जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते. पण माणसं तेच करत गेली. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या महिन्यात रोज पेपर उघडताना मला झाकण दिसायचं. अळीची पिढी महिन्याची, तिच्यात निवड होत राहते. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची. चार झाकणं मोडू शकणारा शेतकरी अजून जन्माला आलेला नाही.

रविवारी सकाळी गावी पोचलो. भावाला आधी बाटल्यांवरचा त्रिकोण दाखवला. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा रंग माणसाला किती घातक एवढंच सांगतो, औषधाचं घराणं सांगत नाही. घराणं बारीक अक्षरांतल्या घटकाच्या नावावरून ओळखायचं आणि लागोपाठ तेच मारायचं नाही. तो म्हणाला, "मतलब घराना बदला तो मरेगी?" मला हो म्हणवेना. विकर मोठं बेइमान असतं. एका घराण्याचं औषध मोडणारं कधी कधी दुसऱ्यालाही मोडतं, कधीच न वापरलेल्यालासुद्धा. म्हणून आधी दुसरे मार्ग. कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवायच्या, अळी लहान असतानाच निंबोळी अर्क मारायचा. अळीला रोग लावणारा एक विषाणूही मिळतो, एचएएनपीव्ही. तो संध्याकाळी फवारायचा, उन्हात मरतो. त्याने मेलेल्या अळ्या झाडाला उलट्या लटकतात. औषध मोडणाऱ्या विकरांचं त्याच्यापुढे काही चालत नाही. आणि रासायनिक औषध लागलंच तर वेगळ्या घराण्याचं, मोजून, एकदाच.

"और आज क्या करें?" त्याने विचारलं.

आज चादर, मी म्हटलं. घरातल्या दोन जुन्या चादरी घेऊन तुरीत गेलो. एकाने चादर धरायची, दुसऱ्याने झाड हलवायचं. तुरीवरच्या अळ्या टपाटप खाली पडतात. नवं काही नाही, आमच्या दादीच्या वेळेलाही करायचे म्हणे. दोन तास हलवलं, एकरभरही झालं नाही, हात दुखायला लागले. भाऊ दर दहा मिनिटांनी "मजूर लगाए तो कित्ते लगेंगे" असा हिशेब करत होता आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण घमेलं अर्धं भरलं. त्यांत हिरव्या होत्या, तपकिरी होत्या, एक गुलाबीसर होती. अळी एकच, रंग वेगवेगळे.

अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. काठी टेकत बांधावर येऊन बसले होते. मी घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेजारी बसून हे सगळं सांगितलं, विकर, जिगर, नशा, निवड, जमेल तसं आमच्या बोलीत. नशेची गोष्ट आली तेव्हा ते म्हणाले, "मैं बोला था ना." मी म्हटलं, हां अब्बा, तुम्ही बरोबर पाहिलं होतं. मग ढालकिड्यांचं सांगितलं. ते बराच वेळ घमेल्यातल्या अळ्यांकडे बघत राहिले.

"मतलब दवा असली थी."

"हां अब्बा. असली थी."

काका जाऊन तीन वर्षं झाली. अब्बा मयतीला गेले नव्हते. मी गेलो होतो, हे त्यांना माहीत आहे, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ऊन चढलं तसा भाऊ चादरी घडी करायला लागला. अब्बांनी काठीने घमेलं जरा बाजूला सरकवलं आणि विचारलं, "उसके लडके की दुकान वहींच है क्या अभी?"

मी म्हटलं, वहींच है, बस स्टँडसमोर.

"मंगल को बाजार है ना," अब्बा म्हणाले. "मेरे को ले चल."